वेगा २३००, नोंद अकरावी: तीन बोअर वाचली, तिसरं अडून बसलं

सिलिकॉन दिसलं! शेव्हरलेच्या १९७०च्या दशकातल्या वेगा गाडीचं ॲल्युमिनियमचं इंजिन पुन्हा बांधतोय, त्याची ही नोंद. २०० पट मोठं दाखवणाऱ्या यूएसबी मायक्रोस्कोपखाली पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या बोअरच्या (पिस्टन चालतो त्या सिलिंडरच्या भोकाच्या) भिंतीवर आता राखाडी, कोनदार कण सुटे सुटे उभे दिसतायत, आणि मधलं ॲल्युमिनियम त्यांच्यापेक्षा किंचित खाली गेलंय. तीन आठवड्यांपूर्वी याच भिंतीवर नुसते चकचकीत ओरखडे होते. म्हणून नोंद नऊमधलं 'चारही बोअरला बीडाच्या स्लीव्ह, दुसरा मार्ग नाही' हे वाक्य मागे घेतलंय (स्लीव्ह म्हणजे बोअरमध्ये घट्ट बसवायची वेगळी नळी). तिसरं बोअर मात्र गेलं, आणि या नोंदीचा बराचसा भाग त्यालाच जाणार आहे.

आधी धुराचा हिशेब पुरा करू. हेडला नवे व्हॉल्व्ह स्टेम सील बसल्यावर सकाळच्या पहिल्या स्टार्टचा निळा धूर थांबला. चढाला लागली की मात्र गाडी तसाच धूर मारत होती आणि ऑइल खात होती. हे दोन धूर वेगळे ओळखता यायला हवेत. रात्रभर उभी राहून सुरू केल्यावर, किंवा उतारावर पाय काढून पुन्हा ॲक्सिलरेटर दाबल्यावर धुराचा ढग येऊन जात असेल, तर दोष सीलचा. लोडखाली तो सतत येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा बोअरला नीट बसलेल्या नाहीत. या गाडीत दोन्ही होतं, आणि मूळ ग्राहकांच्या बऱ्याच वेगांमध्येही दोन्ही असायचं. कडक होऊन तडकलेल्या सीलमुळे नवी गाडी ऑइल पिऊ लागली की मालकाची समजूत व्हायची, 'इंजिन गेलं.' पुढे पाणी कमी पडून इंजिन खरंच जायचं. तक्रार एकच दिसायची, कारणं दोन होती.

रिंगा का बसल्या नाहीत? होनिंग, म्हणजे बोअरची दगडाने घासाई, चुकलं म्हणून. आधीच्या मशिन शॉपने ब्लॉक बीडाचा असल्यासारखा दगड फिरवून सुंदर क्रॉस-हॅच (एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या रेषा) काढून दिली होती. बीडाला ती लागतेच, ऑइल तिच्यातच थांबतं. इथे ती विष आहे. वेगाचा ब्लॉक ए-३९० मिश्रधातूचा. त्यात १७ टक्के सिलिकॉन आणि स्लीव्ह अजिबात नाही. पिस्टन आणि रिंगा ॲल्युमिनियमवर चालतच नाहीत. त्या उघड्या पडलेल्या सिलिकॉनच्या कणांवर चालतात आणि ऑइल कणांमधल्या खळग्यांत थांबतं. कारखान्यात होनिंगनंतर विद्युत-रासायनिक पद्धतीने जेमतेम ०.०००१५ इंच ॲल्युमिनियम खाऊन टाकत. केसाच्या जाडीचा हा दहावा भागही भरणार नाही, पण सगळं इंजिन त्यावर उभं आहे. साधा दगड फिरवला की कण फुटतात आणि मऊ ॲल्युमिनियम त्यांच्यावर लिंपलं जातं. मग रिंग ॲल्युमिनियमला चाटते.

खात्रीसाठीची सोपी चाचणी: रिंग जिथवर पोहोचत नाही अशा, बोअरच्या अगदी खालच्या भागात कॉस्टिक सोड्याच्या दहा टक्के द्रावणाचा एक थेंब कापसाच्या काडीने लावायचा, मिनिटभर थांबायचं, पुसायचं, व्हिनेगर मारून भरपूर पाण्याने धुवायचं. हातमोजे आणि चष्मा हवेतच. थेंबाखालची जागा काळपट राखाडी होते, कारण वरचं ॲल्युमिनियम विरघळून सिलिकॉन उघडं पडतं. मायक्रोस्कोपखाली आतली आणि बाहेरची जागा शेजारी शेजारी बघितली की आणखी काही सांगावं लागत नाही. सगळं बोअर असंच सोड्याने काढायचा मोह टाळा, खोली हातात राहत नाही.

दुरुस्ती सननच्या एएन-३० पेस्टने केली. पेस्टमध्ये सिलिकॉनचीच पूड असते. होनिंग हेडला दगडांऐवजी नमद्याचे पॅड लावले. आधी बारीक दगडाने फक्त फुटलेला थर काढला, बोअर रॉकेलने धुतलं आणि सुकवलं. मग पॅडला पेस्ट चोपडून कमी वेगाने, कमी दाबाने दर बोअरला साधारण दीड मिनिट फिरवलं. दाब वाढवला की पॅड तापतो, पेस्ट वाळते आणि लिंपण परत सुरू होतं. चौथ्या बोअरला पहिल्यांदा हेच झालं. दर बोअरला नवे पॅड घ्या, यात काटकसर नको. शेवटी गरम पाणी, साबण आणि नायलॉनचा ब्रश. पांढरं फडकं काळं व्हायचं थांबेपर्यंत. पेस्ट महाग आहे, पण डबा चार ब्लॉकना पुरेल.

आता तिसरं बोअर. थ्रस्टच्या बाजूला (जिकडे पिस्टन जोराने रेटला जातो तिकडे), वरच्या रिंगच्या जागेपासून खाली बोटाच्या दोन पेरांएवढा उभा ओरखडा आहे. नख अडकतं. खोली पाच थाऊ भरली (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). लॅपिंगने, म्हणजे वरच्या पेस्टच्या घासाईने, हे जाणार नाही, आणि पाच थाऊ खोल ओरखडा काढायचा म्हणजे बोअर किमान दहा थाऊने मोठं. तेवढ्या ओव्हरसाइजचा, लोखंडाचा मुलामा असलेला पिस्टन शोधणं म्हणजे वाळूतून तेल काढणं.

मुलाम्याचा मुद्दा नव्याने आलेल्यांसाठी पुन्हा. उघड्या ॲल्युमिनियमच्या बोअरमध्ये उघडा ॲल्युमिनियमचा पिस्टन घासून सीझ होतो, म्हणून वेगाच्या मूळ पिस्टनच्या स्कर्टवर (रिंगांखालच्या भागावर) लोखंडाचा थर चढवलेला असतो. 'वेगा पिस्टन' म्हणून विकले जाणारे बरेचसे सेट मात्र स्लीव्ह घातलेल्या ब्लॉकसाठी असतात आणि त्यांवर मुलामा नसतो. एका विक्रेत्याने 'दोन्हींत चालतात' असं लेखी कळवून तसाच सेट पाठवला होता, परत केला. तपासायला छोटं निओडिमियम मॅग्नेट दोऱ्याला टांगून स्कर्टजवळ न्या. मुलामा असेल तर ते हळूच ओढलं जातं, नसेल तर ओळंब्यासारखं लटकत राहतं.

बाकी तीन वाचल्यावरचा पहिला विचार होता, फक्त तिसऱ्याला बीडाची स्लीव्ह. हिशेब असा: स्लीव्हचा बाहेरचा व्यास ९४ मिलिमीटर धरला आणि इंजिन ८० अंशांनी तापलं, तर हा ब्लॉक बीडापेक्षा सुमारे ०.०५ मिलिमीटर, म्हणजे दोन थाऊ जास्त फुगतो. थंड असताना फिट (भोकापेक्षा स्लीव्ह जितकी मोठी ठेवायची ते माप) दोन थाऊचाच ठेवला तर गरम इंजिनात स्लीव्ह सुटी होणार, तिच्यामागे पाणी शिरणार. तीन थाऊ ठेवला तर गरम झाल्यावर एक उरतो. बसवणं अवघड नाही: ब्लॉक ओव्हनमध्ये १५० अंशांवर नेला की भोक आठ थाऊने मोठं होतं, आणि फ्रीझरमधली स्लीव्ह हाताने उतरते. टॉर्चने तापवू नका, ब्लॉक एका बाजूने पिळवटतो.

पण हा ब्लॉक ओपन डेक आहे. सिलिंडर वरच्या टोकाला मोकळे उभे आणि एकमेकांना जोडलेले. तिसऱ्यात तीन थाऊ ठोकून बसवले की दुसऱ्याच्या आणि चौथ्याच्या भिंती सरकणार. म्हणजे आत्ता ज्यांचा आनंद मानतोय त्या दोन बोअरची गोलाई पुन्हा मोजावी लागेल, कदाचित लॅपिंगही पुन्हा. स्लीव्ह आधी आणि लॅपिंग शेवटी, हा क्रम पहिल्याच दिवशी सुचायला हवा होता. शिवाय बीडाच्या स्लीव्हमध्ये मुलाम्याचा पिस्टन चालवणं बरोबर नाही. तिथे वेगळा पिस्टन, मग त्याचं वजन बाकी तिघांशी जुळवणं.

हे लिहिताना दुसरा मार्ग डोक्यात आला आणि तो जास्त पटतोय: स्लीव्ह बीडाची कशाला, ए-३९०चीच करू. या धातूचा ओतीव बार मिळतो. ब्लॉक आणि स्लीव्ह एकसारखे फुगणार, त्यामुळे फिट दीड थाऊचा पुरेल, शेजारच्या बोअरवरचा ताण निम्मा होईल, मूळ मुलाम्याचा पिस्टन चालेल आणि चारही बोअरना एकच लॅपिंग. अडचण कापायची. कार्बाइडच्या हत्याराची धार हे सिलिकॉन बघता बघता खातं, त्यामुळे लेथवर हिऱ्याची टिप हवी. बोअरच्या तळाशी पायरी सोडायची, म्हणजे स्लीव्ह खाली घसरणार नाही. बोअरांमधल्या भिंतीची जाडी अल्ट्रासोनिक गेजने मोजल्याशिवाय मात्र कशालाच हात लावायचा नाही.

या धातूची बाजू मनापासून घ्यावीशी वाटते. पोर्शाने ९२८ मध्ये विनास्लीव्हचा असाच सिलिकॉनयुक्त ॲल्युमिनियमचा ब्लॉक वापरला आणि ती इंजिनं टिकली. शेव्हरलेने वेगात सगळं मिळून पाणी दिलं सहा क्वार्ट, रेडिएटर फूट बाय फूट, आणि सुरुवातीला ओव्हरफ्लोची बाटलीसुद्धा नाही. पाणी उकळून रस्त्यावर जायचं आणि परत यायचं नाही. थोडं कमी झालं की ओपन डेक तापणार, वरचं बीडाचं हेड वेगळ्या मापाने फुगणार, गॅस्केट सुटणार, बोअर वाकडं होणार. बाटली आणि पाणी कमी झाल्याचा दिवा नंतर आला. १९७६ मध्ये हायड्रॉलिक लिफ्टर, नवे सील आणि सुधारलेल्या पाण्याच्या वाटा देऊन 'ड्युरा-बिल्ट' नावाने ५ वर्षं किंवा ६०,००० मैलांची वॉरंटी दिली, तोवर ग्राहक टोयोटा, डॅटसन आणि होंडाच्या दारात पोहोचले होते. १९७१ मध्ये 'मोटर ट्रेंड'ची 'कार ऑफ द इयर' ठरलेली ही गाडी १९७२ मध्ये तीन रिकॉलमध्ये सापडली, त्यातला मागच्या ॲक्सलचा एकटाच सुमारे ५ लाख गाड्यांचा. १९७७ पर्यंत जवळजवळ २० लाख विकल्या गेल्या, म्हणजे नाराज घरंही तितकीच दूरवर पसरली.

म्हणून या बांधणीत पाण्यावर खर्च करतोय. मोठ्या कोअरचा पितळी रेडिएटर, परतीची बाटली, आणि वरच्या टाकीत पातळी बघणारा प्रोब. नुसत्या तापमानाच्या काट्यावर विसंबू नका: सेन्सर पाण्याबाहेर पडला की वाफेत काटा खाली येतो आणि इंजिन जळत असताना सगळं ठीक दिसतं.

छोटी कामं. टॅपेट सेट झाले, थंड इंजिनावर इनटेक १५ थाऊ, एक्झॉस्ट ३०. टॅपेटमधल्या उतरत्या स्क्रूचा एक पूर्ण फेरा म्हणजे तीन थाऊ. अर्धा फेरा कधीही सोडू नका, सपाट बाजू व्हॉल्व्हच्या टोकावर आलीच पाहिजे. पुढच्या मडगार्डचा वरचा भाग पोखरलेला निघाला, जुनंच दुखणं: प्रायमरच्या हौदात बुडवताना तिथे हवेचा फुगा अडकायचा आणि पत्रा उघडाच राहायचा, वर आतलं लायनर खर्च वाचवायला काढलेलं. नवा तुकडा जोडून एपॉक्सी प्रायमर आणि मेण मारलं. आणि क्रँककेसमधला ऑइल अडवणारा छोटा बॅफल जागेवर सापडला! लॉर्ड्सटाउनच्या कारखान्यातून या गाड्या रेल्वेच्या डब्यात नाक खाली करून उभ्या, एका डब्यात तीस, अशा जायच्या. पहिल्या सिलिंडरमध्ये ऑइल उतरू नये म्हणून तो बॅफल. धुऊन तसाच परत बसवलाय.

पुढचं काम टॉर्क प्लेट, म्हणजे हेडऐवजी आवळून ब्लॉकवर तसाच ताण आणणारी प्लेट. २५ मिलिमीटरची स्टीलची प्लेट, हेडच्याच बोल्टच्या जागा, मूळ हेडइतकाच टॉर्क आणि खाली जुनं गॅस्केट. ती बसवून दुसऱ्या आणि चौथ्या बोअरची मापं स्लीव्हच्या आधी आणि नंतर, तीन उंचींवर, दोन दिशांनी. फरक अर्ध्या थाऊच्या आत राहिला तर लॅपिंग तसंच ठेवू. ए-३९०च्या बारची चौकशी तीन ठिकाणी पाठवली आहे. ११० मिलिमीटर व्यासाचा, १८० लांबीचा तुकडा हवाय. कुणाकडे पडून असेल तर कळवा.