एकट्याच?

बागमांडल्याच्या धक्क्यावर तिकीट फाडणाऱ्या मुलानं खिडकीतून डोकावून विचारलं, "माणसं किती?"

"एक."

"आणि डायव्हर?"

"तोच एक."

त्यानं मागे पाहिलं. सीट पाडून टाकलेली प्लायवूडची फळी, वर गोधडी, पाण्याचा कॅन, तंबूची पिशवी. "म्हणजे आजी, एकट्याच?"

हा 'च' पुण्यापासून माझ्या सोबतीला आहे. ताम्हिणीत चहाच्या टपरीवर भेटला, माणगावला पेट्रोलपंपावर भेटला. नुसतं 'एकट्या?' विचारलं असतं तर हो म्हणून पुढे जाता आलं असतं. पण त्या 'च'मध्ये नवरा, मुलगा, जाऊबाई, गेलाबाजार एखादी भाची, असे सगळे गैरहजर लोक दाटीवाटीनं बसलेले असतात. आमचे हे होते तेव्हा ऑडिटसाठी वर्षातले चार महिने गावोगाव फिरायचे. त्यांना कुणी कधी 'एकटेच?' म्हणून विचारलं नाही. 'जेवण झालं का?' एवढंच विचारायचे.

तक्रार नाही हं. पस्तिशीत अशी निघाले असते तर लोकांनी माझ्यावर नजर ठेवली असती. आता चौसष्टाव्या वर्षी लक्ष ठेवतात. या दोहोंतला फरक मी दोन गुडघे देऊन मिळवलाय. सरकारचा तेवढा भरवसा दिसत नाही. पंचावन्नच्या पुढे लायसन्स पाच-पाच वर्षांचंच मिळतं, तेही डॉक्टरचा दाखला जोडून. लेकीचा भरवसा त्याहून कमी, आठ तासांचा. व्हॉट्सअॅपवर लाइव्ह लोकेशन एका वेळी त्याहून जास्त चालत नाही. आठ तास संपले की मी नकाशावरून नाहीशी होते आणि फोन वाजतो.

लोक विचारतात, भीती नाही वाटत? वाटते ना, बाथरूमची. रात्री दोनदा उठावं लागणाऱ्या बाईनं प्रवासाचा नकाशा घाटांवरून आखायचा नसतो. कुठल्या पंपावरच्या बाथरूमला आतून कडी आहे आणि बाहेरच्या कुलपाची किल्ली कुणाकडे मागायची, यावरून माझे मुक्काम ठरतात. त्यामुळेच समुद्रकिनाऱ्यावर तंबू ठोकायचे फोटो मी नुसते बघते. आपण कुणाच्या तरी अंगणात विचारून राहायचं.

सावित्रीची खाडी ओलांडून वेसवी, मग दाभोळहून धोपावे. दाभोळच्या जंगलजेटीत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीत, मला दोन टेम्पोंच्या मधे गाडी रिव्हर्समध्ये घालायला सांगितली. खलाशी "येऊ द्या, येऊ द्या" करत हात हलवत होता आणि एका टेम्पोवाल्यानं आरसा आधीच मिटून घेतला होता. खालच्या वाशिष्ठीच्या खाडीपेक्षा ती दहा फूट जागा मला जास्त खोल वाटली.

वेळणेश्वरला पोचले तेव्हा उन्हं उतरली होती. एका घरी विचारलं. ओटीवर पंचाहत्तरीच्या आजी सुपारी कातरत बसल्या होत्या. "एकट्याच?" झालं. मग म्हणाल्या, "पुळणीवर नाही ना झोपणार? आज चतुर्दशी. चौदाची पाऊणपट किती?"

मी बोटं मोडत बसले. त्यांनी अडकित्ता थांबवलासुद्धा नाही. "साडेदहा. रात्री साडेदहाच्या सुमाराला पाणी भरणार. उद्या पुनव, म्हणजे उधाणाचं, वरपर्यंत येणार." तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. गुपचूप मोबाईलवर पाहिलं; फार फरक नव्हता.

"आत माजघरात झोपा की," सूनबाई म्हणाली. मी अंगणच मागितलं. नातू हातोडी घेऊन आला. पहिली खुंटी वाकली, दुसरी टण्णकन उडून तुळशीपाशी पडली. वर चार बोटं माती, खाली जांभा. पुण्यातल्या सोसायटीच्या हिरवळीवर तंबूचा सराव केला होता, त्याचा इथे काही उपयोग नव्हता. आजी ओटीवरून म्हणाल्या, "अरे, चिरे आण." गडग्यासाठी आणलेले चार चिरे चार कोपऱ्यांना ठेवून दोऱ्या त्यांना बांधल्या. तंबू जरा तिरका उभा राहिला, पण राहिला.

जेवणं झाल्यावर आजी काठी टेकत तंबूपाशी आल्या. बराच वेळ नुसत्या बघत होत्या. "मी या घरात एकोणिसाव्या वर्षी आले," म्हणाल्या. "तेव्हापासून एक रात्र एकटी झोपले नाही. आधी सासू, मग पोरं, आता नातवंडं. आजारी पडले तरी उशाला कुणीतरी."

मी काही बोलले नाही. त्यांनी काठी माझ्या हातात दिली, खाली बसल्या आणि रांगत आत शिरल्या. गोधडीवर आडव्या झाल्या. मग आतून आवाज आला, "ती चेन लाव बघू."

मी चेन ओढली आणि काठी घेऊन बाहेर चिऱ्यावर बसले. चांदणं होतं. पोफळींपलीकडे पाणी चढत असल्याचं ऐकू येत होतं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मागच्या दारातून सूनबाई आली, ओटीवर पाहिलं, माजघरात हाक मारली, पुन्हा बाहेर आली.

"काकू, आई दिसल्या का हो तुम्हाला?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात पाठीमागून कापडाआडून अगदी हळू आवाज आला, "नाही म्हणून सांग."