छोटी जुनी मोटरहोम: मागचा कोपरा बंद, फ्रिज थंड, ब्रेक जागेवर

मागचा डावा कोपरा एकदाचा मिटला. ओलमापकाचा काटा तिथे तिशीच्या पुढे जात होता, आता तो बारा-तेरावर थांबतो. साधारण पंधरा टक्क्यांपर्यंत लाकूड ठीक समजायचं, विशीच्या पुढे गेलं की पाणी कुठून येतंय ते शोधायचं आणि तिशीच्या पुढे गेलं की पटाशी काढायची. त्यामुळे भिंत उघडण्यावाचून इलाज नव्हताच.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी गाडीची थोडी ओळख. मोटरहोम, म्हणजे आत राहता येईल अशी गाडी, पहिल्या पिढीच्या फियाट डुकाटो व्हॅनवर बांधलेली, साडेपाच मीटरच्या आतली, टर्बो नसलेलं २.५ लिटरचं डिझेल इंजिन. घराचा भाग जुन्या पद्धतीचा आहे: लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, बाहेरून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, मध्ये थर्माकोल आणि आतून तीन मिलिमीटरचं प्लाय. हीच मूळ व्हॅन १९८१ पासून प्यूजो जे५, सित्रोएन सी२५ आणि टॅलबॉट एक्सप्रेस या नावांनीही विकली गेली. सुटे भाग शोधताना ही सगळी नावं टाकून बघा. एका नावाखाली ‘मिळत नाही’ असलेली वस्तू दुसऱ्या नावाखाली निवांत पडलेली सापडते. इंजिन मात्र नावानुसार बदलतं, तेवढं जपून.

गाडी चालली आहे फार कमी, आणि दुखणी सगळी त्यातूनच आलेली आहेत. आतापर्यंत जे जे उघडलं त्यात धावून झिजलेलं जवळजवळ काहीच सापडलं नाही. गंजलेलं, अडकलेलं, कुजलेलं, वाळून कडक झालेलं असंच सगळं. त्यामुळे किलोमीटरचा आकडा बघून जुनी मोटरहोम पसंत करणाऱ्यांना माझं सांगणं की तो आकडा शेवटी बघा. आधी विचारा, गाडी किती काळ आणि कुठे उभी होती, उघड्यावर की छपराखाली.

आता कोपरा. डाग दिसत होता मागच्या खिडकीच्या खाली, जमिनीलगत. त्यामुळे आधीच्या मालकाने खिडकीच्या चौकटीभोवती सिलिकॉनचे थरावर थर चढवले होते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात तसं. पाणी शिरत होतं छताच्या कडेला. तिथून ते लाकडी पट्टीच्या आधाराने खाली उतरत होतं आणि जिथे वाट संपते तिथे साठत होतं.

गळतीची जागा शोधायच्या दोन पद्धती आहेत. पहिली पाण्याच्या नळीची. यात खालून वर जायचं, एकेका पट्ट्यावर बराच वेळ बारीक धार सोडायची आणि आत कुणाला तरी बसवायचं. वरून सुरुवात केली की ओघळ सगळीकडे पसरतो आणि काहीच कळत नाही. दुसरी पद्धत मला जास्त पटते. गाडीची हवा जाण्यायेण्याची सगळी भोकं चिकटपट्टीने बंद करायची, गॅसची उपकरणं आणि सिलिंडर बंद ठेवायचे, एका झडपेतून पंख्याने हवा आत ढकलायची आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी फवारायचं. जिथून हवा बाहेर येते तिथून पाणी आत जातं. दोन ठिकाणी झकास बुडबुडे आले: छत आणि मागची भिंत जिथे जुळते तिथल्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर, आणि वरच्या कोपऱ्यातल्या छोट्या दिव्याची वायर जिथून आत शिरते तिथे. खिडकी निर्दोष! काम झालं की चिकटपट्ट्या आठवणीने काढा. जमिनीतली भोकं गॅससाठी असतात. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर त्याच वाटेने खाली निघून जातो. थंडी वाजते म्हणून ती भोकं बुजवणारे लोक मी पाहिले आहेत, तसं कुणी करू नका.

पट्टी काढली तर आतले स्क्रू अर्धे गंजून गेलेले. काहींची डोकी हातात आली आणि दांडे लाकडातच राहिले. जुनं सीलंट वाळून खडूसारखं झालं होतं. ते लवकर निघतं, वेळ खातं ते सिलिकॉन. त्याचा नुसता पुसट थर राहिला तरी त्यावर दुसरं काही धरत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नीट धरत नाही. प्लास्टिकच्या पात्याने खरवडायचं, सिलिकॉन विरघळवणारं द्रव लावून थांबायचं आणि पुन्हा खरवडायचं, एवढंच त्यावर औषध. हे करताना खिडक्या झाकून ठेवा. त्या ॲक्रिलिकच्या असतात आणि स्पिरिट किंवा थिनर लागलं की त्यांच्यात बारीक भेगांचं जाळं पडतं. ते कधीच जात नाही.

भिंत आतून उघडली. बाहेरचा पत्रा काढायचा म्हणजे अर्धी गाडी सोलायची, ते टाळता येतं. वरचं कपाट उतरवलं, प्लायचा खालचा भाग कापून काढला (हाताने सहज फाटला, करवत नावापुरती) आणि ओला थर्माकोल उचकटला. मग टोच्याने प्रत्येक पट्टी तपासत गेलो. चांगल्या लाकडात टोचा अडतो, कुजक्यात लोण्यात सुरी जावी तसा जातो. काळं दिसणारं सगळंच कुजलेलं नसतं आणि फिकट दिसणारं सगळंच चांगलं नसतं, म्हणून डोळ्यांवर विसंबायचं नाही.

इथे एक वादाचा मुद्दा आहे. कुजलेल्या लाकडात पातळ इपॉक्सी मुरवून ते कडक करायचं, असं बरेच जण सुचवतात. छोट्या जागेपुरतं, तेही लाकूड पूर्ण सुकल्यावर, चालेल. पण ओलं लाकूड इपॉक्सीने झाकलं तर ओल आत कोंडते आणि कूज मागच्या बाजूने चालूच राहते. मी चांगलं लाकूड लागेपर्यंत कापलं आणि तिरपा सांधा करून नव्या पट्ट्या जोडल्या. तिरप्या सांध्याला चिकटायला जास्त जागा मिळते, आणि धावत्या गाडीच्या हादऱ्यांना तो समोरासमोरच्या सांध्यापेक्षा कितीतरी चांगला टिकतो.

सुकवणं हा या कामातला सर्वांत कंटाळवाणा भाग. वर नवं सील करून झालं होतं, आत ओल शोषणारं यंत्र चालू ठेवलं आणि काटा पंधराच्या खाली येईपर्यंत भिंतीला हात लावला नाही. गरम हवेचा झोत मारून घाई केली तर वरचा थर सुकतो, आतला नाही. नंतर जुन्या आणि नव्या लाकडाला बोरॅक्स जातीचं कीड-बुरशीनाशक पाजलं. थर्माकोलऐवजी बंद पेशींचा दाट फोम बसवला, कारण तो पाणी फारसं धरत नाही. नवं प्लाय गोंद लावून बसवलं आणि समोरच्या भिंतीपासून आडवे टेकू देऊन दाबून ठेवलं.

बाहेरच्या पट्टीखाली ब्युटाइलची, म्हणजे चिकट रबराची, टेप लावली. ती कायम मऊ राहते आणि लाकूड-पत्र्याच्या हालचालीबरोबर ताणली जाते. पुढे कधी काढायची झाली तरी पत्रा वाकत नाही. पॉलियुरेथेन चिकटवायला उत्तम आहे, पण जे कधीतरी उघडावं लागणार आहे त्याखाली ते घालू नये असं माझं ठाम मत आहे. स्क्रू स्टेनलेसचे घेतले आणि प्रत्येक स्क्रू सीलंटमध्ये बुडवून बसवला, कारण स्टेनलेस आणि ॲल्युमिनियममध्ये पाणी राहिलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. एकदा आवळून थांबायचं नाही. ऊन लागून टेप दबली की पुन्हा हलक्या हाताने आवळायचं, मग कडेने बाहेर आलेला भाग प्लास्टिकच्या पात्याने कापायचा.

भिंत सुकत होती तोवर फ्रिज हातात घेतला. तो १२ व्होल्ट, घरगुती वीज आणि गॅस अशा तिन्हींवर चालतो. विजेवर गार व्हायचा, गॅसवर नुसता कोमट. म्हणजे थंड करणारी यंत्रणा शाबूत आहे, उष्णता कमी पडते आहे. या जातीच्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नसतो. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन बंद नळ्यांत फिरत राहतात आणि त्यांना फिरवते ती खालची उष्णता. स्वीडनमधल्या प्लातेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये काढलेली ही युक्ती अजून तशीच चालू आहे. हलणारा भाग नसल्यामुळे बिघडायला फारसं काही नसतं, पण मागच्या नळ्यांवर पिवळी पूड दिसली तर मात्र आशा सोडायची. आतल्या द्रवात गंजरोधक क्रोमेट असतं, ते बाहेर आलं याचा अर्थ नळी फुटली.

माझ्या फ्रिजमध्ये पूड नव्हती, काजळी होती. धुराच्या नळीत लोंबणारी पिळाची पट्टी काढून नळी ब्रशने साफ केली. बर्नरवर वरून पडलेला गंजाचा भुगा होता आणि कोळ्याचं जाळंही. जेटचं, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या तोटीचं, भोक केसाएवढं बारीक असतं, त्यात सुई किंवा तार घालू नका. भोक जरासं मोठं झालं तरी ज्योत पिवळी होते आणि काजळी वाढते. जेट अल्कोहोलमध्ये भिजवून ठेवला आणि हवेने फुंकला. आता ज्योत निळी आणि स्थिर आहे, बर्फाच्या कप्प्यात बर्फ होतो. जुने फ्रिज गाडी सपाट उभी असेल तरच नीट चालतात, दोन-तीन अंशांच्या उतारावरही रुसतात. त्यामुळे ‘बिघडला’ म्हणण्याआधी फ्रिजच्या आत पाणसळ ठेवून बघा. बंद पडलेला फ्रिज काही काळ उलटा ठेवला की चालू होतो, असंही ऐकू येतं. कधी कधी होतोही. पण नळी साफ न करता आधी तो उपाय करणं म्हणजे उगाच कष्ट.

गॅसचा जोड परवानाधारक माणसाकडून लावून घेतला आणि पूर्ण लाइनची दाब-चाचणी करून घेतली. त्यानेच रबरी नळीवरची तारीख दाखवली, ती कधीच उलटून गेली होती. नळी बदलली, रेग्युलेटरही. बाहेरून जुन्या मोटरहोम घेणाऱ्यांनी एक गोष्ट तपासावी: जुन्या जर्मन गाड्यांतली उपकरणं ५० मिलिबार गॅस-दाबाची असतात, नवे रेग्युलेटर ३० चे. प्रत्येक उपकरणाच्या पाटीवर आकडा लिहिलेला असतो, रेग्युलेटर त्याच्याशी जुळायलाच हवा.

विजेचं काम थोडक्यात. पाण्याचा पंप रडत चालायचा. बॅटरी १२.७ व्होल्ट, म्हणजे भरलेली, आणि पंपाशी मोजलं तर बाराच्याही खाली. वायर दीड चौरस मिलिमीटरची, बॅटरीपासून पंप सहा मीटर, म्हणजे जाऊन-येऊन बारा मीटर तांबं. त्याचा रोध साधारण ०.१४ ओहम. पाच ॲम्पिअर ओढले की ०.७ व्होल्ट वाटेतच संपतात, वर गंजलेला अर्थिंगचा बोल्ट. बोल्ट घासून चकचकीत केला, वायर चार चौरस मिलिमीटरची टाकली, पंप सुधारला. लिथियम बॅटरीचा विचार सध्या बाजूला ठेवला आहे. जुना चार्जर आणि साधा रिले तसाच ठेवून नुसती बॅटरी बदलली तर ती अल्टरनेटरमधून मोठा प्रवाह ओढते आणि अल्टरनेटर तापतो. करायचं तर मध्ये हा प्रवाह आवरणारा डीसी-डीसी चार्जर हवा.

ब्रेकचं मात्र सविस्तर सांगतो, कारण ते दिसत नाही. या व्हॅनमध्ये मागच्या ॲक्सलला एका दांडीने जोडलेला व्हॉल्व्ह असतो. गाडी रिकामी असली की मागचा भाग वर राहतो आणि मागच्या ब्रेकना कमी दाब मिळतो, भरलेली असली की जास्त. मोटरहोम कायमच भरलेली असते. व्हॉल्व्ह मात्र ‘रिकामी’ स्थितीत गंजून अडकला होता, म्हणजे थांबवण्याचं जास्तीचं ओझं पुढच्या चाकांवर. पायाला काही वेगळं जाणवत नव्हतं, गॅरेजमध्ये रोलरवर घेतल्यावर मागचा आकडा बघून कळलं. व्हॉल्व्ह बदलला, मागचे सिलिंडर बदलले, आणि ब्रेक ऑइलही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. नव्या डॉट ४ दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओल शोषलेल्यासाठीची किमान मर्यादा फक्त १५५. लांब घाट उतरताना हा फरक जिवावर बेतू शकतो. आता गाडी बराच काळ उभी ठेवायची असेल तेव्हा हँडब्रेक ओढून ठेवत नाही. गिअरमध्ये ठेवून चाकांना अडणी लावतो, म्हणजे मागचे ड्रम चिकटत नाहीत.

टायरची नक्षी नव्यासारखी, पण बाजूच्या भिंतीवर बारीक चिरा. कडेच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं, ‘३५१४’ म्हणजे २०१४ चा ३५ वा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा आहे, त्यावर चर्चा नको. नवे घेताना मोटरहोमसाठीचे, सीपी खुणेचे घेणार आहे. एकाच जागी वजन घेऊन उभं राहण्यासाठी ते बनवलेले असतात.

टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपांची वेळ सांभाळणारा पट्टा, राहिला आहे. तो किती चालला यापेक्षा किती वर्षांचा आहे हे बघून बदलायचा, आणि माझ्याकडे त्याची कुठलीच नोंद नाही, म्हणून पुली आणि पाण्याच्या पंपासकट बदलतो आहे. तोवर लांबचा प्रवास बंद. डिझेलच्या टाकीच्या तळाशी साठलेलं पाणी आणि त्यावर वाढणारा बुळबुळीत थर काढायचा आहे, फिल्टर दोनदा बदलावा लागेल असं दिसतंय. छतावरच्या झडपेभोवतीही साबणाच्या पाण्यात एक बुडबुडा आलाच होता, छोटासा. कुणी त्या जुन्या चौकोनी झडपेची चौकट न तोडता काढली असेल तर कुठल्या बाजूने सुरुवात केली तेवढं सांगा, प्लास्टिक पार ठिसूळ झालं आहे.