आयर्विन पुलावरून धावताना

सांगलीत वाढलेल्या माणसाची कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पहिली ओळख आकड्यांतून होते. कोयना धरणाचे दरवाजे उचलल्याची बातमी आली की घराघरांत एकच प्रश्न सुरू होतो, ‘पुलाजवळ किती फूट?’ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी आमच्या गावभागातल्या लहान मुलांनाही तोंडपाठ असते. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या पुढे गेले आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ फूट ओलांडून ते आमच्या माजघरात शिरले.

म्हणूनच जानेवारीतल्या एका रविवारी, काही स्थानिक मंडळींनी मिळून आयोजित केलेल्या पाच किलोमीटरच्या दौडीत मी नाव नोंदवले, ते पदकापेक्षा पुलासाठी. टिळक चौकातून निघायचे, पूल ओलांडून सांगलीवाडीत जायचे आणि त्याच वाटेने परतायचे, असा मार्ग होता. सकाळचे दोन तास पूल वाहनांसाठी बंद ठेवला होता. एरवी दुचाकी, एसटी आणि उसाच्या गाड्यांच्या गर्दीत अंग चोरून ओलांडावा लागणारा हा पूल इतका मोकळा असू शकतो, हे मी पहिल्यांदाच पाहिले.

सांगली संस्थानच्या काळात उभा राहिलेला हा पूल १९२९ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते खुला झाला आणि त्यांचेच नाव त्याला मिळाले. त्यानंतर इतके महापूर अंगावर घेऊनही त्याचे दगडी खांब नदीत पाय रोवून उभे आहेत. हरिपूरच्या संगमावर वारणा दुथडी भरून आली की कृष्णेच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही आणि ते मागे सांगलीत फुगत जाते. त्या तुंबलेल्या पाण्याचा रेटा या खांबांनी किती वेळा सोसला असेल, याचा विचार धावताना सतत मनात येत होता.

पुलाच्या मध्यावर आल्यावर मी थांबलो. थांबलेला मी एकटाच नव्हतो. पुढे धावणारी दोन कॉलेजची मुले आणि एक मध्यमवयीन बाईही कठड्याशी उभी राहून खाली पाहत होती. धुक्याखाली नदी संथ होती आणि घाटाच्या पायऱ्या थेट तळापर्यंत उघड्या होत्या. कोणी काही बोलले नाही. सांगलीवाडीच्या टोकाला तिथल्या रहिवाशांनी पाणी आणि गूळ-शेंगदाणे ठेवले होते. पुरात दोन्ही काठ एकमेकांपासून तुटतात, त्यामुळे पलीकडच्या माणसाने हातावर ठेवलेला तो गुळाचा खडा मला फार मोलाचा वाटला.

शेजारी नवा पूल झाला असताना या जुन्या पुलावरची वाहतूक शक्य तितकी कमी करून तो पायी चालणाऱ्यांना मोकळा द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. नव्वदी ओलांडलेल्या बांधकामाला तेवढी विश्रांती मिळायलाच हवी, आणि नदीकडे निवांत पाहता येईल अशी दुसरी जागा या शहरात मला तरी ठाऊक नाही.

परतलो तेव्हा बाबा टिळक चौकात वाट पाहत उभे होते. २०१९ मध्ये वीज गेलेल्या घरात, माडीवर बसून, ते दर तासाला मला फोन करून पुलाची पातळी विचारायला लावत. दौड किती वेळात पूर्ण झाली, हे त्यांनी विचारले नाही.

‘पाणी कुठवर आहे रे?’

‘घाटाची शेवटची पायरी दिसते आहे, बाबा.’

त्यांनी मान हलवली आणि आम्ही घरी निघालो.