चोवीस तास दंडाला पट्टा: माझा अनुभव

दवाखान्यात वरचं बीपी दर वेळी १५० च्या पुढे, घरी मात्र १३० च्या आत. अशा वेळी गोळी सुरू करायची की नाही, हे ठरवायला चोवीस तासांचं अ‍ॅम्ब्युलेटरी मशीन, म्हणजे रोजची कामं चालू असताना दंडाच्या पट्ट्याने ठरावीक वेळाने आपोआप बीपी मोजणारं मशीन, लावून घेतलं.

आधी दोन्ही हातांचं बीपी मोजलं जातं. वरच्या आकड्यात १० पेक्षा जास्त फरक असेल तर जास्त बीपी असलेल्या हाताला पट्टा बांधतात; नसेल तर ज्या हाताने कमी काम करतो, त्याला. दंडाचा घेर टेपने मोजून घ्यायला आवर्जून सांगा. पट्टा लहान पडला की बीपी उगाच जास्त दिसतं.

दिवसा दर २० मिनिटांनी आणि रात्री दर ३० मिनिटांनी पट्टा फुगत होता. फुगायला लागला की जिथे असू तिथे थांबायचं, हात सैल सोडायचा, बोलायचं नाही. मूठ आवळली किंवा कोपर वाकलं तर रीडिंग फसतं आणि मशीन एक-दोन मिनिटांत पुन्हा फुगतं. दंड खरा दुखतो तो या फेरमोजणीने. रात्री नळी अंगाखाली दबली की तेच होतं. ती खांद्यावरून घेतली तर त्रास कमी होतो. मशीन भिजवायचं नाही, म्हणून अंघोळ आधीच उरकावी.

त्यासाठी सुट्टी मात्र काढू नका. रोजच्या धावपळीतलं बीपीच तर हवं असतं! झोपण्या-उठण्याच्या आणि गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून ठेवा, नाहीतर रात्रीची सरासरी चुकते.

हृदयाचे ठोके फार अनियमित असतील तर या मशीनचे आकडे भरवशाचे नसतात. डायलिसिसचा फिस्टुला (त्यासाठी हातात जोडून केलेली रक्तवाहिनी) असलेल्या किंवा काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूच्या हाताला पट्टा लावू नये. बीपी १८०/१२० च्या वर आणि छातीत दुखतंय, धाप लागतेय, तर मशीनची वाट न बघता थेट इमर्जन्सी गाठावी.

रिपोर्टला दवाखान्यातला १४०/९० चा निकष लावायचा नाही. इथे दिवसाची सरासरी १३५/८५, रात्रीची १२०/७० किंवा त्यापुढे गेली तर बीपी जास्त. किमान ७० टक्के रीडिंग नीट आलेली हवीत, नाहीतर तपासणी पुन्हा करावी लागते. माझी दिवसाची सरासरी १२८/७९ आणि रात्रीची ११२/६६ आली. झोपेत बीपी १० ते २० टक्के उतरायला हवं, तेवढं उतरलं होतं. गोळी लागली नाही. पण असं फक्त दवाखान्यात वाढणारं बीपी पुढे खरोखर वाढू शकतं, म्हणून घरी मोजणं चालू आहे आणि वर्षाने पुन्हा तपासणी आहे.