क्राबीची बेटे : तिथी पाहून आखावी अशी सहल

वणी-कोरपना पट्ट्यातील माणसाला चुनखडी नवी नाही, पण ती खाणीतून सिमेंट कारखान्याकडे जाणारी. थायलंडच्या क्राबी किनाऱ्यावर हाच दगड समुद्रातून सरळ उभा आहे. पाण्याने त्याचा पायथा आतपर्यंत खाल्लेला असल्यामुळे होडी जवळ गेली, की कडा छपरासारखा डोक्यावर येतो.

नोव्हेंबर ते एप्रिल हा तिकडचा कोरडा हंगाम असल्याने, तुरीचे चुकारे हाती आल्यावर आम्ही फेब्रुवारीत निघालो. नागपूरहून मुंबई, तेथून विमानाने फुकेत आणि पुढे रस्त्याने क्राबी असा मार्ग धरला. १ मे २०२५ पासून तेथे पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमनपत्र भरावे लागते. ते मोफत आहे, त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नयेत.

आपल्याकडे नदीचा पूर ठाऊक असतो, भरती-ओहोटी नसते, आणि येथे तर सगळा दिवस तिच्यावरच चालतो. कड्यांमुळे रस्ताच नसलेल्या रायले किनाऱ्यावर आओ नांग गावाहून लांब शेपटीच्या, म्हणजे मागे लांब दांड्यावर पंखा असलेल्या, होडीने जावे लागते. ओहोटीला होडी अलीकडेच थांबते आणि सामान डोक्यावर घेऊन गुडघाभर पाण्यातून चालावे लागते, म्हणून चाकांची बॅग नेऊ नये. उलट थाले वेक येथील बेटांना जोडणारी वाळूची वाट ओहोटीलाच उघडी पडते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी मोठी असते, तेव्हा घरच्या भिंतीवरचे कॅलेंडर पाहूनच तारखा ठरवाव्यात.

पाणी उथळ असताना प्रवाळावर पाय पडतो. ते दगड नसून जिवंत प्राण्यांची वसाहत आहे, त्यामुळे उभे न राहता तरंगतच पाहावे. प्रवाळाला घातक रसायने असलेल्या सनस्क्रीनवर तेथील राष्ट्रीय उद्यानांत २०२१ पासून बंदी आहे. पूर्ण बाह्यांचा सदरा अधिक बरा. फी फी बेटांतील माया बे हा छोटा उपसागर पर्यटकांच्या गर्दीने प्रवाळ मेल्यामुळे २०१८ मध्ये बंद करून २०२२ मध्ये पुन्हा उघडला. तेथे आता पोहता येत नाही, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तो बंदच असतो.

शाकाहारींनी भाजीतही माशाचा सॉस असतो हे गृहीत धरून आधी विचारावे. आणि पैनगंगेच्या डोहात पोहणाऱ्यांनीही लाइफ जॅकेट काढू नये; ओहोटीचा ओढ नदीच्या धारेसारखा डोळ्यांना दिसत नाही.