पानी, पाणी आणि डेव्हिड टेनंट

शनिवार, रात्रीचे पावणेबारा

आज एका शब्दावर तीन वेळा अडलो. डोळे. वाक्य साधंच होतं, "तिने डोळे मिटले", आणि माझ्या तोंडून येत होतं "डोये". म्हणजे अगदी पूर्ण डोये नाही, इतका काही मी बेसावध नाही, पण ळ म्हणताना जीभ वर टेकायच्या आधीच घसरत होती आणि हेडफोनमध्ये ते स्वच्छ ऐकू येतं, तिथे लपवालपवी चालत नाही. एडिटिंग करणारा पोरगा माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, तो काचेपलीकडून एकदम आदबीने म्हणाला, "दादा, जरा गावाकडचं येतंय बघा." गावाकडचं! अरे अमरावती आहे ती, महानगरपालिका आहे तिथे. पण बोललो काही नाही, दोन घोट पाणी प्यायलो (पाणी, पानी नाही) आणि चौथ्यांदा म्हटलं.

रागबिग नाही आला. वीस वर्षं झाली पुण्यात, पहिल्या दोन वर्षांतच शाया, केयी, नय हे सगळं घासूनपुसून शाळा, केळी, नळ करून टाकलेलं, कोणी सांगितलं पण नव्हतं, कँटीनमध्ये चार जण हसले की माणूस आपोआप शिकतो. आता दिवसा ऑफिस आणि शनिवार-रविवार हे ऑडिओबुकचं काम, आणि माझा आवाज "न्यूट्रल" आहे म्हणून तर मला हे काम मिळालं. मग वीस वर्षांनी अचानक हा ळ का वितळायला लागला काय माहीत. वय झालं की परत फिरतं की काय सगळं.

घरी आलो तर लेक टॅबवर डकटेल्स बघत बसलेली, ते नवीन वालं, २०१७ चं. मी बूट काढतोय तोवर तिचा प्रश्न, "बाबा, हा स्क्रूज असा काय बोलतो? तू आजीशी फोनवर बोलतोस ना, तसं."

मी जाम हसलो. कारण तिला इंग्रजीतला कुठला हेल कुठला हे काही कळत नाही, वऱ्हाडी म्हणजे काय तेही तिला धड माहीत नाही, पण हा माणूस बाकीच्यांपेक्षा वेगळ्या घरातून बोलतोय एवढं तिच्या कानाला बरोबर कळलं. आमच्या लहानपणी रविवारी दूरदर्शनवर जे डकटेल्स लागायचं त्यात स्क्रूज हिंदी बोलायचा त्यामुळे हे बदक स्कॉटिश आहे याचा मला कित्येक वर्षं पत्ता नव्हता. कार्ल बार्क्सने त्याला १९४७ साली कॉमिक्समध्ये आणला आणि ग्लासगोच्या लोकांना तो इतका आपला वाटतो की २००७ मध्ये तिथल्या नगरपालिकेने आपल्या नामवंत नागरिकांच्या यादीत त्याचं नाव घातलं. बदकाचं. आपल्याकडे कोणी केलं असतं का हे, पेपरात पत्रं आली असती.

तर या नव्या स्क्रूजचा आवाज डेव्हिड टेनंट या स्कॉटिश नटाचा आहे आणि माझं त्याच्याबद्दलचं वेड घरात सगळ्यांना माहीत आहे, बायको तर "तुझा तो बारकेला" म्हणते त्याला. हॉस्टेलवर एका मित्राच्या हार्डडिस्कवर डॉक्टर हू होतं, बीबीसीची कालप्रवासाची मालिका, तिच्यातला डॉक्टर तोच राहतो पण नट बदलत जातात, तिथून हे सुरू झालं. चार वर्षं बघितल्यावर कधीतरी त्याची एक मुलाखत लागली आणि मी थांबलोच, कारण त्यात तो वेगळ्याच कुठल्यातरी भाषेत बोलतोय असं वाटलं. र असा दातावर वाजवलेला, स्वर आखूड, शब्दांच्या मधे श्वास गिळलेला. म्हणजे मी ज्याला त्याचा आवाज समजत होतो तो त्याचा नव्हताच.

जन्म १८ एप्रिल १९७१, बाथगेट नावाच्या गावात. वाढला पेझलीजवळ राल्स्टनला, ग्लासगोच्या अगदी शेजारी. वडील चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये धर्मोपदेशक, पुढे त्या चर्चच्या सर्वोच्च सभेचे अध्यक्ष पण झाले. आडनाव मॅकडोनाल्ड. पण तिकडच्या नटांच्या युनियनमध्ये डेव्हिड मॅकडोनाल्ड नावाचा एक जण आधीच होता आणि एका नावाचे दोन चालत नाहीत, मग याने पॉप संगीताच्या एका मासिकात पेट शॉप बॉइजच्या नील टेनंटचं नाव वाचलं आणि घेतलं उचलून. म्हणजे बघा, पोराने धंद्यात पाय ठेवला तो आडनाव दारातच काढून. हेल नंतर गेला.

तीन-चार वर्षांचा असताना टीव्हीवर डॉक्टर हू बघून त्याने ठरवलं होतं की नट व्हायचं. हे सगळेच म्हणतात, मी पण म्हटलं होतं, फरक एवढाच की हा खरंच ग्लासगोच्या रॉयल स्कॉटिश अकॅडमीत गेला. सुरुवातीला नाटकं. टॅगार्ट नावाची ग्लासगोतलीच पोलिसांची मालिका वर्षानुवर्षं चालू होती, तिकडच्या प्रत्येक नटाला त्यात एकदा तरी मुडदा नाहीतर खुनी व्हायला मिळायचं असं म्हणतात, याने म्हणे तिथे १६ ऑडिशन दिल्या आणि एकदाही घेतलं नाही. सोळा! मी तिसऱ्या नकारानंतर दोन वर्षं माइककडे बघितलं नव्हतं.

१९९४ मध्ये बीबीसी स्कॉटलंडच्या टेकिन ओव्हर द असायलममध्ये त्याला मोठं काम मिळालं, मनोरुग्णालयात पेशंटलोक मिळून रेडिओ स्टेशन चालवतात अशी गोष्ट, त्यात हा कॅम्पबेल नावाचा पोरगा, डोक्यात सतत शंभरचा स्पीड. ते मी खूप उशिरा बघितलं. त्यातला त्याचा आवाज ऐकला की वाटतं हा माणूस कुठल्याही दोरीशिवाय पळतोय, कारण तिथे तो घरच्या बोलीत आहे ना, जीभ कुठे ठेवायची याचा विचार नाही.

मला सगळ्यात आवडणारा किस्सा २००३ चा. डॉक्टर हू तेव्हा टीव्हीवर बंद होतं, बीबीसी इंटरनेटसाठी त्याचं एक ॲनिमेशन करत होती आणि त्याचं रेकॉर्डिंग चाललं होतं. टेनंट शेजारच्या स्टुडिओत एका रेडिओ नाटकासाठी आलेला. त्याला कळलं की भिंतीपलीकडे काय चाललंय आणि गेला की सरळ दिग्दर्शकाकडे, मला काहीतरी द्या. मिळालं एक केअरटेकरचं बारकंसं काम. दोन वर्षांनी तोच माणूस टीव्हीवर दहावा डॉक्टर. त्या दिवशी त्या स्टुडिओत बाकी जे कोणी होते ते पुढे घरी काय सांगत असतील.

२००५ ते २०१० च्या पहिल्या दिवसापर्यंत तो डॉक्टर होता आणि पूर्ण काळ दक्षिण इंग्लंडच्या बोलीत बोलला. स्कॉटिश ठेवायला त्याची काही ना नव्हती पण लेखक-निर्माता रसेल टी डेव्हिसला वाटलं की आधीचा डॉक्टर क्रिस्टोफर एकल्स्टन उत्तर इंग्लंडच्या हेलात बोलायचा, लगेच पाठोपाठ आणखी एक प्रांत नको. कारण एकदम व्यवहारी आहे, कोणाचा अपमान नाही काही नाही. तरी मला ते कुठेतरी लागतंच. आणि गंमत म्हणजे २००६ च्या एका भागात डॉक्टर १८७९ च्या स्कॉटलंडात पोचतो, समोर राणी व्हिक्टोरिया, आणि तो स्थानिक असल्याचं सोंग करून स्कॉटिश बोलायला लागतो. म्हणजे स्कॉटिश माणूस इंग्रजांसारखा बोलणारा झालाय आणि तो आता स्कॉटिश असल्याची ॲक्टिंग करतोय. बरोबरची मुलगी पण तसं बोलायचा प्रयत्न करते तर हा तिला गप्प करतो, असं करू नकोस म्हणून. ते मी रिवाइंड करून करून बघितलंय. पुण्यातली मित्रमंडळी "काऊन बे" (का रे, आमच्या वऱ्हाडीत) म्हणून दाखवतात तेव्हा माझा चेहरा तसाच होत असणार.

पुढे २०१३ मध्ये पीटर कपाल्डी डॉक्टर झाला, तो पण ग्लासगोचा, त्याला मात्र बोली ठेवू दिली. सात-आठ वर्षांत एवढं बदललं, आनंद आहे, पण टेनंटचा फॅन म्हणून थोडं जळलो.

त्याच २०१३ मध्ये ब्रॉडचर्च आलं. इंग्लंडच्या समुद्रकिनाऱ्यावरचं गाव, लहान मुलाचा खून, आणि टेनंट बाहेरून आलेला दाढी वाढलेला त्रासलेला इन्स्पेक्टर, आपल्या मूळ हेलात. लगेच पुढच्या वर्षी अमेरिकेत त्याचा रिमेक, ग्रेसपॉइंट, आणि त्यात तोच रोल परत याच्याकडेच पण आता अमेरिकन बोलीत. मी दोन्हीचे पहिले भाग एका पाठोपाठ बघितले एका रात्री. तोच माणूस, तीच गोष्ट, तेच वैतागणं. पण पहिल्यात तो गावाला परका आहे हे त्याने नुसतं तोंड उघडलं की कळतं, त्यासाठी लेखकाला काही लिहायची गरज नाही. दुसऱ्यात ते सगळं दाढीवर आणि कपाळाच्या आठ्यांवर आलं, बिचाऱ्या आठ्या किती करणार.

(हॅम्लेट, हॅरी पॉटर, गुड ओमेन्स मालिकेतला क्राउली वगैरे आहेच, त्याबद्दल सगळे बोलतात, मी नाही बोलत.)

मला त्याची आवाजाची कामं जास्त जवळची, अर्थातच. स्टार वॉर्सच्या क्लोन वॉर्समध्ये ह्युयँग नावाचा म्हातारा रोबो आहे, त्यासाठी त्याला २०१३ मध्ये डेटाइम एमी हा अमेरिकन टीव्ही पुरस्कार मिळाला आणि दहा वर्षांनी अहसोका या स्टार वॉर्सच्याच मालिकेत तोच रोबो परत त्यानेच बोलला. हाऊ टू ट्रेन युअर ड्रॅगनची क्रेसिडा कॉवेलची पुस्तकं त्याने वाचली आहेत, मी ती गाडीत ऐकतो आणि शिकतो, एका दमात चार वायकिंग भांडताना कोण कोण आहे ते कळतं, "तो म्हणाला" आलं नाही तरी कळतं. मी तीन माणसं बोलायला लागली की पाण्याची बाटली शोधतो. सिनेमात पण त्याचं छोटं काम आहे, त्यात मुख्य वायकिंग म्हणजे जेरार्ड बटलर, तो पण पेझलीचाच. पण तो सिनेमा बघताना एक खटकतं, मोठी माणसं स्कॉटिश बोलतात आणि त्यांचीच पोरं अमेरिकन. हे आपल्या मालिकांसारखंच झालं, हिरो-हिरोइन सदाशिव पेठेत वाढल्यासारखे आणि त्यांचा सख्खा काका एकदम "काय पाव्हनं".

स्क्रूजचं पण तेच म्हणता येईल म्हणा. कंजूष स्कॉटिश म्हातारा हा मूळ जोकच स्कॉटिश लोकांवरचा आहे. १९८७ च्या मालिकेत ॲलन यंग होता, त्याचा स्क्रूज गोड होता, मला कोणी सांगितलं तो जास्त चांगला तर मी भांडणार नाही. पण टेनंट २०१७ ते २०२१ जे करतो त्यात तो हेलावर हसू मागत नाही. बदक रागावतं, घाबरतं, भाचीबद्दल बोलताना गप्प होतं, आणि र तिथेच असतो, घरातल्या जुन्या पितळी तांब्यासारखा, कोणाला दाखवायला काढलेला नाही. डेसमध्ये तर विचारूच नका. २०२० ची ती मालिका, डेनिस निल्सन या खुन्याची, तो निल्सन मूळ स्कॉटलंडमधल्या फ्रेझरबराचा, आणि टेनंट खुनांची कबुली अशी देतो की जणू चहात साखर किती ते सांगतोय. आंतरराष्ट्रीय एमी मिळालं त्याला त्याचं. मी परत नाही बघणार.

आणि मॅकबेथ. डिसेंबर २०२३, लंडनचं डॉनमार वेअरहाऊस, पिटुकलं थिएटर, आणि सगळ्या प्रेक्षकांच्या कानाला हेडफोन. नट पुटपुटला तरी ते थेट कानाच्या पडद्यावर, चेटकिणी डाव्या कानामागे, कोणीतरी उजवीकडून श्वास घेतंय. मला प्रत्यक्ष कुठलं बघायला मिळणार, नंतर त्याचं चित्रीकरण थिएटरात दाखवलं त्याबद्दल वाचून वाचून जीव नुसता कासावीस झाला. पण विचार करा, स्कॉटलंडचाच राजा, स्कॉटिश नट, त्याच्याच बोलीत, आणि ओरडायची गरजच नाही. हे काय असतं ते मला माहीत आहे कारण माझा घरचा स्टुडिओ म्हणजे आईने शिवलेल्या दोन गोधड्या कपाटाच्या दारांवर टाकलेल्या आणि मधे मी. तिथे गिळलेली थुंकी पण ऐकू येते. त्यासाठी आंबट सफरचंद खायचं असतं आधी, तोंडाचा चिकटपणा जातो.

साडेदहाला आईचा फोन आला. "काऊन बे, आवाज बसला का तुहा? दिवसभर बोलून राह्यला अशीन." म्हटलं नाही गं, ठीक आहे. "मंग असा काऊन बोलते, पाव्हन्यावानी." लेक पलंगावरून ऐकत होती, झोपलेली नव्हती कार्टी.

ज्या पुस्तकाचं काम चालू आहे त्यात पुढच्या प्रकरणात एक म्हातारा गडी आहे, चार वाक्यांचा, आणि स्क्रिप्टवर त्याच्यापुढे पेन्सिलने लिहिलंय "विनोदी, ग्रामीण". आत्ता गोधडीत शिरून ती चार वाक्यं करून बघितली. एकदा जसं मागितलंय तसं, आणि एकदा आमच्या शेजारचे आबाजी बोलायचे तसं, हळू, शेवटचा शब्द खाली सोडून. दुसरं अजिबात विनोदी नाही होत. म्हातारा मालकाला सांगतो की विहिरीचं पानी खाली गेलं, आणि नुसतं तेवढंच सांगतो.

दोन्ही फाईली पाठवतोय उद्या, बघू कुठली घेतात. दुसरीत मागे शेजाऱ्यांचं कुत्रं आलंय, परत करावी लागेल. फॅन बंद केलाय, घाम येतोय, सफरचंद संपलंय.