आई, ईचम आणि २६३ वळणं

ऑस्ट्रेलियातल्या केर्न्सहून निघून गॉर्डनव्हेल मागे पडलं की गिलीज रेंजचा घाट सुरू होतो. १९ किलोमीटरमध्ये २६३ वळणं, असं इथले लोक सांगतात. मी कधी मोजली नाहीत. मेहकरहून आलेल्या आईने मात्र मोजली असावीत. डोळे मिटून, गालात आल्याचा तुकडा धरून तिने अख्खा घाट काढला.

वर ॲथर्टन टेबललँड्सचं पठार. लाल माती, गाई, एकदम गार हवा. पहिला मुक्काम लेक ईचम. गर्द झाडीच्या कड्यात बसलेलं गोल, निळं-हिरवं पाणी बघून आई म्हणाली, "हे तं आपलं लोणारच!" खाली उतरून तिने हुंगलं, बोट बुडवून चाखलं. "वास नाही रे. पाणी पण गोडं."

लोणार उल्केच्या आघाताने झालं. इथे वर येणाऱ्या तप्त शिलारसाला भूजल भेटलं आणि वाफेच्या स्फोटाने जमीन फुटली. तळं सुमारे ६५ मीटर खोल. त्यात एकही ओढा येत नाही, त्यातून एकही जात नाही; सगळी भिस्त पावसावर. लोक मजेत पोहतात. आम्ही पाय सोडून बसलो आणि मी तिला इथल्या न्गाजन लोकांची गोष्ट सांगितली. दोन तरण्या पोरांनी नियम मोडला, इंद्रधनुषी नाग कोपला, जमीन दुभंगली आणि तळी झाली. १९६४ मध्ये भाषाशास्त्रज्ञ डिक्सन यांनी ही गोष्ट टिपून घेतली, तेव्हा सांगणारा म्हणाला होता की त्या वेळी इथे असं जंगल नव्हतं, उघडं रान होतं. पुढे तळ्याच्या गाळातले परागकण तपासले, तर हे वर्षावन साडेसात हजार वर्षांच्या आसपासचंच निघालं.

आई जरा वेळ गप्प. मग, "आन् आमचा लोणासुर तेवढा खोटा का?"

मी डब्यातली दशमी काढली.

युंगाबुराजवळचा कर्टन फिग हा आपल्याकडच्या पाकरीचाच भाऊबंद. शास्त्रीय नाव एकच, फायकस विरेन्स. ज्या झाडावर तो वाढला ते शेजारच्या झाडावर कललं, आणि तिरक्या खोडावरून पंधरा मीटर लांब पारंब्यांचा पडदा खाली आला. झाडाला हात लावता येत नाही, पण लाकडी वाट त्याच्या भोवतीनेच जाते. आईने तीन फेऱ्या पूर्ण केल्या. मागून येणारी दोन माणसं आपली वाट चुकली की काय म्हणून बावरली होती.

मिला मिला धबधब्याबद्दल फार लिहीत नाही. सुंदर आहे, पण ओले केस मागे उडवून फोटो काढणाऱ्यांची रांग असते. तो वेळ पीटरसन क्रीकला द्यावा, संध्याकाळी. प्लॅटिपस दिसायला हवा तर चूप बसावं लागतं, आणि आमच्या घरात ते कुणालाच जमत नाही. अर्धा तास डास मारले. मग बुडबुडे आले, एक चपटी तपकिरी पाठ वर आली, चोच दिसली, गायब.

"बदकाची चोच उंदराले लावली व्हय," आई कुजबुजली. पहिल्यांदाच.

घाट उतरेपर्यंत काळोख झाला. "आता बरंय," ती म्हणाली, "वळणं दिसत नाहीत." आणि डोळे उघडे ठेवून बसली.